हायपरफोकल अंतर: पायाजवळचा दगड आणि पलीकडचा तोरणा एकाच फोटोत

मेहुण्याने नवा फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला मी त्याला एक फोटो दिला. राजगडाची संजीवनी माची, नोव्हेंबरातली सकाळ. पुढ्यात तटबंदीचा दगड, त्यावरचं शेवाळ वाळून करडं पडलेलं, तिथून वळणं घेत लांब गेलेला तट आणि सगळ्याच्या मागे तोरणा. २४ बाय ३६ इंचांची प्रिंट, फ्रेमसकट. जेवणं झाल्यावर एक काका चष्मा कपाळावर चढवून प्रिंटजवळ गेले, अगदी नाक टेकेल इतके, आणि म्हणाले, “यात बुधला कुठेय हो?”

बुधला होता, पण वितळल्यासारखा दिसत होता. तोरण्याच्या बुधला माचीवरचा तो सुळका, ज्याच्यासाठी मी पहाटे चारला उठून पद्मावती माचीवरून निघालो होतो, तोच गेला होता. पुढचा दगड मात्र असा खणखणीत की त्यावरची मुंगी मोजून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी मी प्रिंट करून देणाऱ्याकडे तक्रार घेऊन गेलो. त्याने शांतपणे मूळ फाइल उघडली, शंभर टक्क्यांवर मोठी केली आणि तोरणा दाखवला. दोष फाइलमध्येच होता. आणि मला लागलं ते हे, की त्या दिवशी मी काहीही अंदाजाने केलं नव्हतं. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये हायपरफोकल अंतर काढलं होतं: १८ मिमी (फोकल लेंग्थ; आकडा लहान तितकी लेन्स रुंद बघते), एफ/८ (एफ-नंबर, लेन्सच्या भोकाचं माप; आकडा मोठा तितकं भोक लहान), क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), उत्तर २.०४ मीटर. अगदी दोन मीटरवर फोकस लावला होता. गणित बरोबर होतं. गणिताने कशाची हमी दिली आहे, ते मी वाचलं नव्हतं.

हा लेख त्या हमीबद्दल आहे, आणि ती समजल्यावर डोंगरावर प्रत्यक्ष काय करायचं त्याबद्दल.

आकडा नेमकं काय सांगतो

लेन्स एका वेळी एकाच अंतरावर खरा फोकस लावते. त्याच्या पुढचं-मागचं सगळं थोडंथोडं धूसर असतं. एखादा बिंदू फोकसमध्ये असला तर सेन्सरवर बिंदूच पडतो, नसला तर त्याचा छोटा गोल ठिपका होतो. ठिपका इतका बारीक असेल की डोळ्याला बिंदूच वाटावा, तर आपण म्हणतो “शार्प आहे”. ठिपक्याच्या या चालवून घेण्याजोग्या मापाला सर्कल ऑफ कन्फ्यूजन असं भारदस्त नाव आहे. मी त्याला इथे नुसतं ‘ठिपका’ म्हणणार आहे.

हायपरफोकल अंतर म्हणजे फोकस लावायची अशी सगळ्यात जवळची जागा, जिथे फोकस लावला तर अनंतावरचा, म्हणजे व्यवहारात दूरच्या डोंगराचा, ठिपका त्या मर्यादेत जेमतेम बसतो. आणि पुढच्या बाजूला त्या अंतराच्या निम्म्यापर्यंतचं सगळं चालून जातं. दोन मीटरवर फोकस, तर एक मीटरपासून क्षितिजापर्यंत.

यातला ‘जेमतेम’ हा शब्द लक्षात ठेवा. एक मीटरवरचा दगड आणि क्षितिजावरचा डोंगर, दोघेही काठावर पास झालेले असतात, ३५ मार्कांनी. खरा शार्पपणा असतो तो दोन मीटरवर, जिथे बहुतेक वेळा वाळलेल्या गवताशिवाय काही नसतं.

आता ही ३५ मार्कांची रेषा कुणी ओढली? क्रॉप सेन्सरसाठी ठिपका साधारण ०.०२ मिमी धरतात, फुल फ्रेमसाठी (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) ०.०३, मायक्रो फोर थर्ड्ससाठी (क्रॉपहूनही लहान) ०.०१५. हे आकडे आले ते ८ बाय १० इंचांची प्रिंट हातात धरून, पुस्तक वाचतो तितक्या अंतरावरून बघणारा माणूस समोर ठेवून. क्रॉप सेन्सरची उंची सुमारे १५.६ मिमी असते. तिची आठ इंची प्रिंट केली की चित्र १३ पट मोठं होतं, आणि ०.०२ मिमीचा ठिपका पाव मिलिमीटरचा. तेवढं डोळा माफ करतो. माझी प्रिंट चोवीस इंची होती, म्हणजे ३९ पट. तोरण्यावरचा प्रत्येक ठिपका पाऊण मिलिमीटरचा झाला. काकांनी नाक टेकल्यावर त्यांना बुधला दिसला नाही यात नवल ते काय!

जुन्या अल्बममधले फोटो आठवा. घरोघरी असायचा तो आग्फा क्लिक थ्री, एका रोलवर बारा चौकोनी फोटो. त्याला फोकस लावायची सोयच नव्हती. असे डबा कॅमेरे याच तत्त्वावर चालत. फोकस कारखान्यातच ठरलेला, माणूस चार पावलं लांब उभा करायचा आणि खटका दाबायचा. फोटो छान वाटायचे, कारण प्रिंट तळहाताएवढी असायची. तोच फोटो भिंतीएवढा केला असता तर आजोबांच्या मिशा आणि मागचा पिंपळ सारखेच दिसले असते.

म्हणून पहिली पायरी कॅमेऱ्याला हात लावण्याआधीची आहे. हा फोटो कुठे जाणार, ते ठरवा. मोबाइलवर पाठवायचा किंवा छोटी प्रिंट काढायची, तर कॅल्क्युलेटरचा आकडा जसाच्या तसा वापरा. भिंतीवर लावायचा, तर तो आकडा ही किमान सीमा समजून फोकस त्याच्या पलीकडे ढकला. किती पलीकडे, ते पुढे येतंच.

गणित, पण बोटांवरचं

पूर्ण सूत्र असं: फोकल लेंग्थचा वर्ग, भागिले (एफ-नंबर गुणिले ठिपका), आणि आलेल्या उत्तरात फोकल लेंग्थ मिळवायची. सगळं मिलिमीटरमध्ये. शेवटची मिळवणी काही सेंटिमीटरची असते, ती सोडून द्या. मग एक सोपी युक्ती हाती लागते.

क्रॉप सेन्सरसाठी: फोकल लेंग्थचा वर्ग भागिले (एफ-नंबर × २०). उत्तर थेट मीटरमध्ये येतं.

फुल फ्रेमसाठी २० च्या जागी ३० घ्या. मायक्रो फोर थर्ड्ससाठी १५.

माझा १८ मिमी, एफ/८: ३२४ भागिले १६०, म्हणजे २ मीटर. गडावर रेंज नसते, बॅटरी थंडीने उतरलेली असते, तेव्हा हे तोंडी करता येतं. क्रॉप सेन्सरचे नेहमी लागणारे काही आकडे असे येतात:

१८ मिमी: एफ/५.६ ला २.९ मीटर, एफ/८ ला २ मीटर, एफ/११ ला १.५ मीटर
२४ मिमी: एफ/८ ला ३.६, एफ/११ ला २.६
३५ मिमी: एफ/८ ला ७.७, एफ/११ ला ५.६
५५ मिमी: एफ/८ ला १९, एफ/११ ला जवळजवळ १४

फुल फ्रेमवाल्यांना २४ मिमीला एफ/८ वर २.४ मीटर आणि एफ/११ वर १.८ मीटर.

शेवटच्या ओळी नीट बघा. फोकल लेंग्थचा वर्ग होतो, म्हणून झूम तिप्पट केला की अंतर नऊपट वाढतं. ५५ ला एफ/८ वर निम्मं म्हणजे साडेनऊ मीटर. त्याच्या अलीकडचं सगळं गेलं. फुल फ्रेमवर २०० मिमी लावून बसलात तर एफ/८ ला उत्तर येतं १६७ मीटर. टेलिफोटोवर हायपरफोकलचा विचार करू नका. डोंगरावर फोकस लावा आणि मोकळे व्हा.

आधी खाली बघा

ही पायरी मी बरीच वर्षं गाळत होतो. आकडा काढण्याआधी विचारायचं: फ्रेममध्ये खरोखर सगळ्यात जवळ काय आहे?

क्रॉप सेन्सर, १८ मिमी, कॅमेरा आडवा, समतल धरलेला, ट्रायपॉडवर छातीच्या उंचीला म्हणजे १.४ मीटरवर. सपाट जमिनीचा फ्रेममध्ये येणारा सगळ्यात जवळचा तुकडा किती लांब असेल? ३.२ मीटर. कॅमेरा उभा धरला तरी दोन मीटरच्या थोडं पुढेच. म्हणजे उभं राहून घेतलेल्या निम्म्याअधिक लँडस्केपमध्ये दोन मीटरच्या आत काही नसतंच. तिथे दोन मीटरवर फोकस लावणं म्हणजे कुणीच बसलेलं नाही त्या पाटावर वाढणं. वाढलेलं जातं वाया आणि तोरणा उपाशी.

कासच्या पठारावर उलट. तिथे तेरड्याचा गुलाबी गालिचा घोट्याएवढ्या उंचीचा, त्यामुळे आपण वाटेच्या कडेला गुडघे टेकून कॅमेरा ४० सेंटिमीटरवर आणतो. आता जवळची फुलं ९० सेंटिमीटरवर आली. इथे हायपरफोकलची खरी गरज आहे. (वाट सोडून फुलांत आडवं पडून फोटो काढणाऱ्यांना या लेखात काही सांगायचं नाही.)

मोजताना एक बारकावा. हे अंतर लेन्सच्या काचेपासून नसतं, सेन्सरपासून असतं. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या डोक्यावर एक छोटं वर्तुळ आणि त्यातून आरपार गेलेली रेघ अशी खूण असते. सेन्सर तिथे आहे. आणि फोकसची पातळी सेन्सरला समांतर, भिंतीसारखी उभी असते. कॅमेरा समतल असेल तर पायाजवळच्या दगडापर्यंतचं तिरकं अंतर मोजू नका, जमिनीवरून सरळ पुढे मोजा.

जवळची गोष्ट ठरली की सगळ्यात सोपा नियम वापरता येतो: जवळच्या गोष्टीचं अंतर दुप्पट करा आणि तिथे फोकस लावा. फूल ९० सेंटिमीटरवर, तर फोकस १.८ मीटरवर. यात जवळचं आणि दूरचं दोन्ही सारखं धूसर होतं. ना सेन्सरचा प्रकार लागतो ना कॅल्क्युलेटर. तो धूसरपणा खपेल इतकं अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) लहान करायचं, एवढंच गणित उरतं. १८ मिमीला १.८ मीटर हवं तर ३२४ भागिले (१.८ × २०), उत्तर ९. म्हणजे एफ/९ किमान, एफ/११ बरं.

फोकस पलीकडे ढकलण्याचा हिशोब

इथे माझं मत सरळ सांगतो. डोंगर फोटोचा विषय असेल तर मी हायपरफोकल अंतरावर फोकस लावत नाही, त्याच्या दुप्पट अंतरावर लावतो.

कारण व्यवहार फायद्याचा आहे. फोकस दुप्पट अंतरावर नेला की अनंतावरचा ठिपका बरोब्बर निम्मा होतो. आणि त्याच्या बदल्यात जवळची हद्द हायपरफोकलच्या निम्म्यावरून दोन तृतीयांशावर सरकते. राजगडाच्या त्या फोटोत आकडे घाला. दोनऐवजी चार मीटरवर फोकस लावला असता तर तोरणा दुप्पट स्पष्ट झाला असता, आणि जवळची हद्द १.०२ वरून १.३६ मीटरवर गेली असती. ३४ सेंटिमीटर. ट्रायपॉड एक पाऊल मागे घेतला असता तर काम झालं असतं.

दुसऱ्या बाजूने बघितलं तर हे आणखी टोचतं. १८ मिमी, एफ/८ म्हणजे लेन्समधलं भोक १८ भागिले ८, सव्वादोन मिलिमीटरचं. फोकस दोन मीटरवर असेल तर एक किलोमीटर लांबच्या डोंगरावर साधारण १.१ मीटरपेक्षा लहान गोष्टी एकमेकींत मिसळतात. दोन किलोमीटरवर सव्वादोन मीटर, पाच किलोमीटरवर साडेपाच मीटर. बुधल्याच्या कडा, कातळातल्या भेगा, झाडं सगळं त्यात गेलं. याउलट फोकस थेट अनंतावर ठेवला असता तर जवळ काय बिघडलं असतं? अनंतावर फोकस असताना कुठल्याही अंतरावर त्या भोकाएवढी, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरची, गोष्ट धूसर होते. दगडावरचं शेवाळ गेलं असतं, दगड दगडच दिसला असता. कासला मात्र हे चालणार नाही. तिथे सीतेच्या आसवांची फुलंच इतकी इवलीशी की सव्वादोन मिलिमीटर गेले तर जांभळा धूर उरतो.

म्हणून विषय काय, यावर फोकस ठरतो. फूल विषय असेल तर फोकस फुलाकडे झुकवा आणि डोंगर थोडा मऊ पडू द्या. लांबचा डोंगर धुक्यातही मऊच असतो, डोळा तक्रार करत नाही. किल्ला विषय असेल तर फोकस किल्ल्याकडे. दोघांना समान न्याय देणारा आकडा गणिताला आवडतो, चित्राला क्वचितच.

गडावर फोकस लावताना

दोन-तीन मीटर मोजायचे कसे? टेप घेऊन जाणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल आदर आहे. मी दोन्ही हात पसरतो. दर्यावर खोली मोजतात तो वाव, म्हणजे पसरलेल्या एका हाताच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत. तो जवळपास आपल्या उंचीइतकाच भरतो, माझा १.७ मीटर. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक हात, साधारण ४५ सेंटिमीटर. पूर्ण उघडलेला ट्रायपॉडही एकदा घरी मोजून ठेवला तर पट्टीचं काम करतो. अंदाज चुकणारच असेल तर जास्तीकडे चुकू द्या. तीनच्या जागी साडेतीन मीटर झाले तर जवळचं थोडं सुटतं. तीनच्या जागी दोन झाले तर तुम्हीही एखाद्या वास्तुशांतीला जाल.

मग असं करा. झूम आधी पक्का करा, कारण बहुतेक झूम लेन्समध्ये झूम हलला की फोकसही सरकतो. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोडवर या (यात एफ-नंबर आपण ठरवतो, शटरचा वेळ कॅमेरा) आणि एफ-नंबर लावा. ठरलेल्या अंतरावर काहीतरी ठळक शोधा: दगडाची कड, गवताचा झुपका, नाहीतर मित्राला तिथे उभं करा आणि त्याच्या बुटाच्या नाडीवर सिंगल पॉइंटने ऑटोफोकस लावा. फोकस लागला की लगेच लेन्सवरचा किंवा मेनूतला स्विच मॅन्युअलवर टाका. हे विसरलात तर फोटो काढताना अर्धं बटण दाबताक्षणी कॅमेरा पुन्हा स्वतःच्या मर्जीने फोकस लावेल आणि सगळी मेहनत पाण्यात. मित्राला बाजूला व्हायला सांगा. (हसू नका, माझ्याकडे असे फोटो आहेत.)

जुन्या लेन्सवर हे काम सुखाचं होतं. अंगावर अंतराची पट्टी आणि दोन्ही बाजूंना एफ-नंबरच्या खुणा कोरलेल्या. अनंताची खूण तुमच्या एफ-नंबरसमोर आणली की झालं. अर्थात त्या खुणाही त्याच छोट्या प्रिंटच्या हिशोबाने कोरलेल्या. एफ/११ वर फोटो काढायचा असेल तर अनंत एफ/५.६ च्या खुणेसमोर ठेवा; ठिपका निम्मा करण्याची ही जुनी रीत. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या आताच्या किट लेन्सवर बहुधा पट्टीच नसते. आणि मिररलेसच्या अनेक लेन्समध्ये फोकस रिंग नुसती मोटरला हुकूम देते. कॅमेरा बंद करून चालू केला की जागा विसरते. चहा प्यायला बसलात तर परत फोकस तपासा.

अजून एक सापळा. फोकस रिंग टोकापर्यंत फिरवली म्हणजे अनंत आला, असं नाही. ऑटोफोकस लेन्स अनंताच्याही थोड्या पुढे जातात. टोकाला अडकवून काढलेला फोटो पूर्णच मऊ येतो, जवळचं नाही आणि लांबचंही नाही.

पडद्यावर तपासा, तिथेच

पहिला फोटो काढला की तो पूर्ण मोठा करून बघा. आधी सगळ्यात लांबची कड, मग सगळ्यात जवळची, मग मधलं. क्रम मुद्दाम असा, कारण जवळचं शार्प दिसलं की मन समाधानी होतं आणि माणूस पुढे बघतच नाही.

लांबचं मऊ दिसलं तर लगेच फोकसला दोष देऊ नका. एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीत इतका धुरळा असतो की शेजारचा डोंगरही दुधात बुडाल्यासारखा दिसतो. तिथे कुठलंच अंतर कामाचं नाही. पावसाळा सरल्यावरचे काही आठवडे हवा धुतलेली असते. आणि जवळचं मऊ दिसलं तर वाऱ्याचा विचार करा. कासला सप्टेंबरात वारा थांबत नाही. एफ/११, आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील, ते माप) १००, ढगाळ सकाळ, शटर पडतो एक पंचमांश सेकंदावर. तेवढ्यात तेरडा मान डोलावून परत येतो. धूसरपणा एकाच दिशेने ओढल्यासारखा दिसला तर तो हालचालीचा. मग आयएसओ ८०० करा. थोडा खरखरीतपणा आलेला परवडतो, हललेलं फूल परवडत नाही.

“मग एफ/२२ करून सगळंच शार्प का करू नये?” हा प्रश्न दर वेळी येतो. कारण भोक फार लहान केलं की प्रकाश कडांना वाकून पसरतो. फोकसमध्ये असलेल्या बिंदूचाही ठिपका होतो, एफ/८ ला सुमारे ०.०११ मिमी, एफ/११ ला ०.०१५, एफ/१६ ला ०.०२१, एफ/२२ ला जवळपास ०.०३. म्हणजे क्रॉप सेन्सरवर एफ/१६ लाच आपण ठरवलेली मर्यादा गाठली, तीही संपूर्ण फोटोभर. मी क्रॉपवर एफ/११ च्या पुढे जात नाही. फुल फ्रेमवर एफ/१६ पर्यंत जायला हरकत नाही.

एफ/११ लाही जमत नसेल, म्हणजे फूल ४० सेंटिमीटरवर आहे आणि मागचा डोंगरही करकरीत हवा आहे, तर एका फोटोचा हट्ट सोडा. ट्रायपॉड न हलवता, एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवून तीन फोटो घ्या: फुलावर, मध्यावर, डोंगरावर. घरी सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. वारा असेल तर फुलाचा फोटो चार-पाच वेळा घ्या. आणि हा उद्योग करायचा नसला तरी प्रत्येक चांगल्या जागी एक जादा फोटो सरळ डोंगरावर फोकस लावून घ्यायची सवय लावा. त्या नोव्हेंबरात मी तेवढं केलं असतं तर बुधला वाचला असता.

जिथे मूळ आकडाच कामाचा

पंढरीच्या वारीत मी हायपरफोकल अंतर जसंच्या तसं वापरतो, आणि तिथे त्याच्यासारखं दुसरं काही नाही. रिंगणात घोडा येतो तो सेकंदाच्या आत पुढून निघून जातो. ऑटोफोकस मध्येच कुणाच्या तरी पताकेवर अडकतो. १८ मिमी, एफ/८, फोकस दोन मीटरवर मॅन्युअल, आयएसओ ऑटो, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून वेगवान. आता एक मीटरच्या पुढचा कुणीही वारकरी, टाळ, तुळशीवृंदावन, सगळं चालण्याजोगं येतं. पाऊस पडत असताना, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत असताना, काही न बघता फोटो काढता येतो. इथे विषय दोन-तीन मीटरवरच आहे, क्षितिज नाही, म्हणून आकडा अचूक बसतो.

ताऱ्यांसाठी मात्र अजिबात नको. फुल फ्रेमवर १६ मिमी, एफ/२.८ ला उत्तर तीन मीटर येतं, पण तीन मीटरवर फोकस लावलात तर तारे साबुदाण्यासारखे फुगतात. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, एखादा ठळक तारा मोठा करून तो जास्तीत जास्त बारीक होईपर्यंत रिंग फिरवायची, आणि मग रिंगवर चिकटपट्टी.

मोबाइलवाल्यांनी फार डोकं लावू नये. मोठ्या सेन्सरच्या आजच्या फोनमध्ये मुख्य लेन्स प्रत्यक्षात सात मिलिमीटरच्या आसपास, एफ/१.८. सेन्सर इवलासा, म्हणून ठिपका ०.००८ धरू, उत्तर ३.४ मीटर. पावणेदोन मीटरच्या पुढचं आपोआप जमतं. वीतभर अंतरावरचं फूल आणि डोंगर मात्र एकत्र जमणार नाही. फुलावर टॅप करून एक, डोंगरावर टॅप करून एक, आणि निवड घरी.

गच्चीवरची एक संध्याकाळ

पुढच्या ट्रेकआधी हे करून बघा, तासाभराचं काम आहे. गच्चीवर ट्रायपॉड लावा. एक मीटर, दीड मीटर आणि दोन मीटरवर स्टुलांवर वर्तमानपत्राची पानं उभी करा. समोर लांबवर अक्षरं असलेली एखादी पाटी हवी. १८ मिमी, एफ/११. हायपरफोकल दीड मीटर. फोकस आधी दीडवर, मग सव्वादोनवर, मग तीनवर, मग पाचवर. चार फोटो. संगणकावर चारही शेजारी ठेवा, पण शंभर टक्के मोठे करून नाही. तुम्ही जेवढी प्रिंट काढता तेवढं माप पडद्यावर आणून, जितक्या अंतरावरून बघणार तितक्या अंतरावर खुर्ची ठेवून बघा. पाटी कुठल्या फोटोपासून वाचता येते आणि वर्तमानपत्र कुठल्या फोटोपासून सुटतं, त्या दोघांच्या मधला आकडा तुमचा. तो तुमच्या लेन्सचा, तुमच्या डोळ्याचा आणि तुमच्या भिंतीचा असेल. कॅल्क्युलेटरकडे तो मिळत नाही.

माझा आला तीन मीटर. एका पुठ्ठ्यावर लिहून, वर चिकटपट्टी मारून कॅमेऱ्याच्या पिशवीच्या झाकणाला आतून लावला आहे: “१८, एफ/११, ३ मी. जवळचं १ मी. आधी तोरणा बघ.” दुसरी प्रिंट अजून द्यायची आहे. मेहुणा म्हणतो आता सवय झाली, राहू दे.